शाळेची परसबाग : फोटोत नको, ताटात हवी



मागे एका जिल्हा परिषद शाळेत मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीला मदत करायला गेले होते. शाळेची परसबाग पाहून बरे वाटले. मेथी, पालक, वांगी, टमाटर आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. कार्यालयात परसबाग स्पर्धेच्या बक्षिसाचे प्रमाणपत्र लावलेले होते. दुपारी मुले जेवायला बसली. ताटात पिवळी खिचडी होती, पण तिच्यात हिरवे पान शोधूनही सापडले नाही. बागेतली भाजी कुठे जाते, असे विचारले, तर कोणी नीट सांगेना. सातवीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "मॅडम, बागेला पाणी आम्हीच घालतो." "आम्ही" म्हणजे कोण, हे मी तिला विचारले नाही. कोणत्या वस्तीतली लेकरे बादल्या वाहत होती, ते मला दिसत होते. त्या मुलीचे हिमोग्लोबिन त्या दिवशी 8.6 निघाले. तिच्या वयाला ते किमान 12 असायला हवे.

त्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून यावेळचा आरोग्याचा पाठ लिहीत आहे.

आधी जेवण, मग शिकवण

आळवी नगरातली गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. भगवान बुद्ध तिथे धम्म सांगायला आले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधता शोधता त्याला उशीर झाला आणि तो उपाशीपोटीच सभेत आला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच देशना सुरू केली. भुकेल्या माणसाला धम्मसुद्धा समजत नाही, मग गणित आणि इंग्रजी कसे समजेल?

दुसरी आठवण बाबासाहेबांच्या शाळेची. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाटही स्वतःचे. शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शाळेतले अन्न आणि पाणी हा आपल्यासाठी नुसता पोटाचा प्रश्न कधीच नव्हता, तो मानाचाही होता. म्हणून परसबागेकडेही आपण दोन्ही नजरांनी पाहिले पाहिजे.

मुलाच्या हक्काचे किती?

शाळेत पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. सुरुवातीला अनेक ठिकाणी घरी कोरडा तांदूळच मिळे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले जेवण द्यायचा आदेश दिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा कायदेशीर हक्क झाला. 2021 पासून योजनेचे नाव पीएम पोषण आहे आणि तिच्यात शाळेच्या परसबागेवर भर आहे. म्हणजे हे जेवण कोणाचे उपकार नाहीत.

एका मुलाचे रोजचे प्रमाण असे आहे :

पहिली ते पाचवी : तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत.

सहावी ते आठवी : तांदूळ 150 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम, भाजी 75 ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. त्यातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने.

आता हिशेब करा. तुमच्या गावच्या प्राथमिक शाळेत 60 मुले जेवत असतील, तर रोज 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी आणि 300 ग्रॅम तेल लागते. हे आकडे वहीत लिहून ठेवा. शाळेत गेल्यावर डाळ आणि भाजी किती टाकली, एवढे विचारले तरी बरेच काही कळते. तांदूळ सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती डाळ आणि भाजी, आणि मुलाचे रक्त, हाडे आणि डोळे त्यांच्यावरच अवलंबून असतात.

बाग काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही

काही ठिकाणी सांगतात, "परसबाग आहे, मग भाजीला पैसे कशाला?" हे मान्य करू नका. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांचा खर्च योजनेत धरलेला आहे. 1 मे 2025 पासून केंद्राने ठरवलेला हा दर प्राथमिकच्या मुलामागे रोज 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे आहे. दर तुटपुंजाच आहे, पण तो आहे. परसबाग त्याच्यावर भर घालण्यासाठी आहे, त्याच्या जागी नाही.

बागेचाही हिशेब पाहू. 1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब वाफ्यात जमीन आणि पाणी बरे असेल, तर साधारण महिनाभरात दोन ते तीन किलो मेथी किंवा पालक निघतो. म्हणजे एक वाफा 60 मुलांच्या एका दिवसाच्या भाजीजवळ जातो. चार-पाच वाफे केले आणि दर आठवड्याला एकच पेरला, तर हिवाळाभर आठवड्यातून एक दिवस बागेची ताजी पालेभाजी मिळेल. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले, तर सगळी भाजी एकाच आठवड्यात येते, आणि मग ती मुलांच्या पोटात न जाता दुसरीकडे जाते.

काय लावावे

जूनमध्ये : भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी, कोहळे, अंबाडी, माठ.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये : मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर, टमाटर, वांगी.

कायमची झाडे : मुंगणा (शेवगा), कढीपत्ता, पपई, लिंबू.

यात सर्वात महत्त्वाचे झाड मुंगण्याचे. जागा कमी लागते, एकदा रुजले की पाणीही कमी लागते. शेंगांची वाट पाहत बसू नका, पाला आधी खायला मिळतो. त्यात लोह, कॅल्शियम आणि डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्वाचे घटक असतात. मुलामागे 10 ग्रॅम, म्हणजे 60 मुलांना 600 ग्रॅम कोवळा पाला वरणात टाकला, तरी चव बिघडत नाही. फांद्या छाटत राहिल्या की नवा पाला फुटतो.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला. भाजीची देठे-साले खड्ड्यात कुजवून खत करा. मे महिन्याच्या सुटीत झाडे कोण जगवणार, हे एप्रिलमध्येच ठरवा.

वाफ्यापासून ताटापर्यंत

1. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली, तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.

2. पाला शेवटी टाकावा, थोडाच वेळ शिजवावा आणि त्याचे पाणी फेकू नये. तेलाच्या फोडणीमुळे अ जीवनसत्त्व अंगी लागते.

3. वाढताना वरून लिंबू पिळावे. पाल्यातले लोह शरीरात जायला क जीवनसत्त्व मदत करते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला, तर तेच लोह वाया जाते. घरीसुद्धा लेकरांना जेवणावर चहा देऊ नका.

4. बागेत रासायनिक कीटकनाशक नको. निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवा, गाळून फवारा. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला, तरी त्यात तेल किंवा पाणी ठेवू नका. बिहारच्या सारण जिल्ह्यात 16 जुलै 2013 रोजी शाळेतले जेवण खाऊन 23 मुले गेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते.

5. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी जेवण चाखून नोंदवहीत लिहिले पाहिजे. चाखणाऱ्यांत पालक असावेत. तुम्ही जा.

फावडे कोणाच्या हातात?

परसबाग हे चांगले शिक्षण आहे. मातीत हात घालणे कमीपणाचे नाही, उलट प्रत्येक मुलाने ते शिकावे. पण एका वस्तीची मुले शेणखत आणि पाणी वाहतात आणि बाकीची वर्गात बसून अभ्यास करतात, तेव्हा ते शिक्षण राहत नाही. आपल्या आजा-पणज्यांवर लादलेली वेठ तिथे नव्या नावाने परत येते. उपाय सोपा आहे. हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावा आणि यादी भिंतीवर चिकटवा. मुलगा असो की मुलगी, गावातला असो की वस्तीतला, आठवड्याला एक पाळी सगळ्यांची. तासिका बुडवून काम नको. झाडलोट आणि भांडी घासणे यालाही हाच नियम.

तीच गोष्ट चुलीची. सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 रोजी सांगितले आहे की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे. आपल्या समाजातल्या बाईने शिजवले म्हणून कोणी मुलांना डबा घेऊन पाठवत असेल, तर त्या बाईला एकटे सोडू नका. तो तिचा खाजगी अपमान नाही. आणि मुले एकाच पंगतीत, मिसळून बसतात का, हे जेवणाच्या वेळेला जाऊन डोळ्यांनी पाहा. महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सगळ्यांसाठी समान हक्काचे पाणी म्हणून. शाळेची पंगतही तशीच समान असली पाहिजे.

भाजीने सगळे भागत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 100 मुलांपैकी जवळपास 69 मुलांना रक्तक्षय आढळला. ही मुले तशाच रक्ताने शाळेत येतात. त्यांना भाजी हवीच, पण ज्याचे हिमोग्लोबिन उतरले आहे, त्याला नुसती भाजी पुरत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी नको. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. जंताची गोळी वेळेवर घ्यावी. बागेत काम करताना पायात चप्पल असावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण जंत रक्त पितात.

विदर्भातल्या आपल्या समाजासाठी एक गोष्ट वेगळी सांगते. आपल्यात सिकलसेल आढळतो. मूल फिकट आहे, वारंवार हातपाय किंवा सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, असे असेल तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची असते. सगळ्या फिकटपणाचे कारण एकच नसते.

आणि अंडे. राज्य शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. बागेतून अंडे उगवत नाही. ते परत मिळावे म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा. तोपर्यंत बागेत चवळी वाढवा, मटकी-मुगाला मोड आणा. तिथीभोजनाची सोय आहेच. 3 जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त वस्तीने वर्गणी करून शाळेतल्या सगळ्या मुलांना अंडी किंवा केळी द्यावीत. फक्त आपल्या मुलांना नाही, सगळ्यांना.

या महिन्यात करायचे काम

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, त्यांतही निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे. आपल्या वस्तीतून कोण आहे, हे विहारात विचारा. कोणी नसेल, तर पुढच्या निवडीला एका आईचे नाव आताच ठरवा. महिला मंडळातून दोघीजणी मिळून शाळेत जा आणि पाच प्रश्न विचारा :

आज डाळ आणि भाजी किती किलो टाकली?

बागेतून या आठवड्यात काय निघाले आणि ते कुठे गेले?

बागेच्या कामाची पाळी कोणाची आहे, यादी कुठे आहे?

जेवण कोणी चाखले?

या महिन्यात किती दिवस जेवण बंद होते?

जेवण दिले नाही, तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले, तर जबाबदारी निश्चित करावी, असे 2015 च्या नियमांत आहे. भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. बहुतेक शिक्षक मनाने चांगले असतात, त्यांच्यावर कामांचा डोंगर असतो. पालक सोबतीला आले, तर त्यांनाही बळ येते.

त्या सातवीतल्या मुलीच्या शाळेत आम्ही असेच गेलो. तीन बैठका लागल्या. आता तिथे पाळीची यादी भिंतीवर आहे आणि बागेतून तोडलेली भाजी वजन करून चुलीकडे जाते, वहीत दोघांच्या सह्या होतात. मुलीला गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10.4 झाले. अजून 12 गाठायचे आहे. ती अजूनही बागेला पाणी घालते, पण आठवड्यातून एकदा, आणि तिच्या पाळीला सरपंचांची नातही बरोबर असते.

जयभीम.