वेल्सचा आवाज : पोर्ट टॅलबटचे तीन नट

दक्षिण वेल्समध्ये समुद्रकाठी पोर्ट टॅलबट हे पोलाद कारखान्याचे गाव आहे. इंग्रजी रंगभूमी आणि चित्रपट यांच्या इतिहासात या गावाला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे स्थान लाभले आहे. रिचर्ड बर्टन (१९२५-१९८४), अँथनी हॉपकिन्स (जन्म १९३७) आणि मायकेल शीन (जन्म १९६९) हे तीन नामवंत नट याच परिसरात वाढले. तिघांनीही कीर्ती मिळविली ती इंग्रजी भाषेतून. आणि तिघांनीही आपले वेल्शपण अभिमानाने मिरविले. हा अभिमान नेमका कशाचा? भाषेचा, भूमीचा, की ज्या कष्टकरी समाजातून ते आले त्या समाजाचा? या प्रश्नाचा मागोवा घेतला म्हणजे वेल्श अस्मितेचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते.

'वेल्स' हे नाव मुळी शेजाऱ्यांनी दिलेले आहे. ज्या जुन्या जर्मानिक शब्दापासून ते आले त्याचा अर्थ 'परके' असा होतो. वेल्श लोक स्वतः आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'देशबांधव' हा अर्थ आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामील करण्यात आला, आणि न्यायालये व अधिकारपदे यांच्यासाठी इंग्रजी अनिवार्य ठरली. एकोणिसाव्या शतकात तर काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविली जात असे. तरीही भाषा जगली. विल्यम मॉर्गन यांनी केलेले बायबलचे वेल्श भाषांतर १५८८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे गावोगावच्या प्रार्थनामंदिरांनी ती भाषा सामान्य माणसाच्या तोंडी प्रतिष्ठेने नांदविली. तेथील धर्मोपदेशक प्रवचन रंगात आले म्हणजे जवळजवळ गायनाच्या सुरात बोलू लागत. 'आयस्तेद्वॉद' नावाच्या उत्सवांतून काव्य, गायन आणि पठण यांच्या स्पर्धा होत. खाणकामगाराचे मूल लहानपणीच भरल्या सभेपुढे उभे राहून बोलण्यास आणि गाण्यास शिके. वेल्समधून एवढे नट आणि गायक का निर्माण झाले, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

बर्टन हे या परंपरेचेच अपत्य होत. त्यांचे जन्मनाव रिचर्ड जेंकिन्स. पॉन्ट्रिडव्हेन या खेड्यातील एका खाणकामगाराच्या तेरा मुलांपैकी ते बारावे. ते दोन वर्षांचे असताना आई वारली, आणि पोर्ट टॅलबटमध्ये राहणाऱ्या थोरल्या बहिणीने त्यांना वाढविले. घरातील भाषा वेल्श होती. इंग्रजी त्यांना मागाहून शिकावी लागली. फिलिप बर्टन या शिक्षकाने त्यांची गुणवत्ता ओळखली, त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर कष्ट घेतले आणि अखेर त्यांचे पालकत्वही स्वीकारले. १९४३ पासून शिष्याने गुरूचे आडनाव लावले. जेंकिन्सचा बर्टन झाला, हे केवळ नावाचे स्थित्यंतर नव्हते. मोठे व्हायचे तर भाषा बदलावी लागेल आणि गावही सोडावे लागेल, हा त्या काळचा अलिखित नियमच होता. नीथ येथे जन्मलेले आल्फ्रेड जोन्स हेही हॉलिवूडमध्ये रे मिलँड या नावानेच प्रसिद्धी पावले.

बर्टन यांचा आवाज वेल्सचा आवाज म्हणून जगाच्या कानी पडला तो २५ जानेवारी १९५४ रोजी. त्या दिवशी बी. बी. सी. ने डिलन टॉमस यांची 'अंडर मिल्क वुड' ही नभोनाटिका ध्वनिक्षेपित केली, आणि तीत निवेदकाची भूमिका बर्टन यांनी केली. एका काल्पनिक वेल्श सागरतीरावरील गावाच्या एका दिवसाची ही कथा पुढे वेल्श जीवनाचे जणू प्रतीक ठरली. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही नाटिका इंग्रजीत आहे. डिलन टॉमस यांचे आईवडील वेल्श जाणत होते, मुलाचे नावही त्यांनी प्राचीन वेल्श कथांतून निवडले होते. मात्र ती भाषा त्यांनी मुलाला दिली नाही. एका पिढीच्या अंतरात भाषा नाहीशी झाली आणि तिची लय तेवढी इंग्रजीत उरली. बर्टन यांच्यापाशी दोन्ही भाषा होत्या, परंतु जगाने त्यांची एकच ऐकली. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेलिन्यी या गावी त्यांचे दफन झाले. त्यांच्या अंगावर वेल्सचा लाल रंग होता आणि सोबत डिलन टॉमस यांच्या कवितांचे पुस्तक होते.

हॉपकिन्स हे बेकरीवाल्याचे पुत्र. किशोरवयात ते बर्टन यांची स्वाक्षरी घेण्यास गेले होते. आपल्या गावचा माणूस एवढा मोठा होऊ शकतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९८८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'अंडर मिल्क वुड' मध्ये निवेदकाचे काम त्यांच्याकडे आले. २००० साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले तेव्हा वेल्समध्ये नाराजीचे सूर उमटले. परंतु त्याच हॉपकिन्स यांनी १९९८ मध्ये स्नोडन पर्वतावरील भूमी जनतेसाठी राखण्याकरिता दहा लाख पौंडांची देणगी दिली होती. त्यांचा अभिमान भाषेपेक्षा भूमीशी निगडित आहे, असे म्हणता येईल.

शीन यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. २०११ च्या ईस्टरमध्ये पोर्ट टॅलबटच्या रस्त्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर तीन दिवस चाललेले 'द पॅशन' हे नाट्य त्यांनी शेकडो गावकऱ्यांच्या सहभागाने सादर केले. २००९ मध्ये मिळालेला ब्रिटिश राजसन्मान त्यांनी, वेल्स आणि ब्रिटिश राज्यसत्ता यांच्या संबंधांवर २०१७ मध्ये व्याख्यान तयार करीत असताना झालेल्या विचारमंथनातून, परत केला. २०२१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'अंडर मिल्क वुड' सादर झाले, तेव्हा त्यात प्रमुख भूमिका करणारे नट तेच होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, २००७ पासून टाटा समूहाकडे असलेल्या पोर्ट टॅलबट कारखान्याची अखेरची झोतभट्टी विझली. ज्या श्रमजीवनाने या नटांना घडविले त्याचा एक अध्याय तेथे संपला.

अस्मितेला भाषेचाच आधार हवा असे नाही, हे शर्ली बॅसी यांच्या उदाहरणानेही दिसते. कार्डिफच्या गोदीजवळच्या वस्तीत जन्मलेल्या या गायिकेचे वडील नायजेरियन होते. १९९९ मध्ये रग्बी विश्वचषकाच्या उद्घाटनप्रसंगी त्या वेल्सच्या ध्वजाचाच पेहराव करून गायल्या, तेव्हा त्यांच्या वेल्शपणाविषयी कोणाला शंका उरली नाही. मात्र भाषा जगविण्यास अभिमान एकटा पुरत नाही. १९०१ मध्ये वेल्समधील सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत. १९८१ मध्ये हे प्रमाण १८.९ टक्क्यांवर आले.

हा ओघ अडविण्याचा प्रयत्न झाला तो संस्थांच्या उभारणीतून. वेल्श माध्यमाच्या शाळा वाढल्या. वेल्श दूरचित्रवाहिनीचे आश्वासन सरकार मोडते आहे असे दिसताच १९८० मध्ये ग्विनव्हर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकारने माघार घेतली, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली. वेल्श बोलून नटाला पोट भरता येऊ लागले. योअन ग्रिफिथ आणि मॅथ्यू ऱ्हीस हे दोघेही पुढे हॉलिवूडमध्ये गाजले. दोघांचेही शिक्षण कार्डिफच्या वेल्श शाळेत झाले, आणि ग्रिफिथ यांनी कारकिर्दीच्या आरंभीच्या काळात वेल्श मालिकेत अभिनय केला. शेतकऱ्याचा मुलगा ब्रिन टेर्व्हेल जोन्स याने रंगमंचासाठी नाव आखडते घेतले, तेव्हा सर्वसामान्य जोन्स गळाले आणि अस्सल वेल्श तेवढे राहिले. २०२३ च्या राज्याभिषेकात वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ते वेल्श भाषेत गायले.

२०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के भरले. २०५० पर्यंत दहा लाख भाषक हे वेल्श शासनाचे उद्दिष्ट आहे. ते साध्य होईल की नाही, हे नामवंतांच्या भाषणांवर अवलंबून नाही. बर्टन यांना आपल्या भाषेचा अभिमान नंतरच्या पिढीपेक्षा कमी नव्हता. फरक एवढाच की, त्या भाषेत शिकण्याची आणि जगण्याची सोय त्यांच्या काळी नव्हती. कलावंत देशाचे नाव दूरवर पोचवितो; भाषा मात्र घर, शाळा आणि रोजगार यांच्याच आधाराने टिकते.