एवढी मोठी पियानोवादक, मग नाव का ऐकलं नाही?

प्रश्न : मी मुळात हिंदुस्थानी संगीत ऐकणारा. अलीकडे बीथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा ऐकावा म्हणून शोधाशोध करताना ॲनी फिशर या पियानोवादिकेचं वादन कानावर पडलं आणि मी अक्षरशः खिळून राहिलो. या बाई कोण? होरोविट्झ, रुबिनस्टाइन ही नावं आमच्यासारख्यांनाही माहीत असतात, मग यांचं नाव कधीच कसं ऐकलं नाही? त्यांचं आणखी काय ऐकावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम तुमच्या कानांना दाद देतो. ज्या वादनाने तुम्हाला खिळवून ठेवलं, त्याला पियानोवादकांच्या जगात फार मोठा मान आहे. स्व्यातोस्लाव रिश्टरसारखा दिग्गज फिशरबाईंचा चाहता होता. सर्वसामान्य रसिकांपर्यंत मात्र त्यांचं नाव पोचलं नाही. याचं एक कारण इतिहासात आहे आणि दुसरं खुद्द बाईंच्या कलाविचारात.

ॲनी फिशर यांचा जन्म 1914 मध्ये बुडापेस्टच्या एका ज्यू घरात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी वाद्यवृंदासोबत बीथोव्हेनचा पहिला पियानो कन्चेर्तो वाजवला. शिक्षण तिथल्याच लिस्ट अकादमीत झालं. अर्नोल्ड सेकेय आणि एर्नो दोहनान्यी हे त्यांचे गुरू. 1933 मध्ये बुडापेस्टला पहिली आंतरराष्ट्रीय लिस्ट स्पर्धा झाली, तिचं पहिलं पारितोषिक एकोणीस वर्षांच्या ॲनीने पटकावलं. पुढे त्यांनी आलादार तोथ या नामवंत संगीतसमीक्षकाशी लग्न केलं.

आता खरं तर जगभर दौरे सुरू व्हायचे. पण युरोपात युद्ध पेटलं. हंगेरीत ज्यूंविरुद्ध कायदे झाले होते, जीव वाचवण्यासाठी या जोडप्याला स्वीडन गाठावं लागलं. ते 1946 मध्ये मायदेशी परतले. तोथ बुडापेस्ट ऑपेराचे संचालक झाले आणि ओटो क्लेम्परर यांच्यासारखा संगीत संचालक त्यांनी तिथे आणला. फिशरबाईंना हंगेरीचं मानाचं कोशुत पारितोषिक तीनदा मिळालं. देशात त्या शिखरावर होत्या. पण तोवर हंगेरीत कम्युनिस्ट राजवट आली होती आणि युरोपची दोन गटांत फाळणी झाली होती. होरोविट्झ आणि रुबिनस्टाइन अमेरिकेत स्थायिक झाले होते. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या, मोठी सभागृहं, वृत्तपत्रं सगळं त्यांच्या दाराशी होतं. फिशरबाई अमेरिकेत पहिल्यांदा वाजवायला गेल्या त्या 1961 मध्ये, म्हणजे सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर.

हे झालं इतिहासाचं. माझ्या मते दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. बाईंना स्टुडिओत वाजवणं मनापासून आवडत नसे. कोणत्याही कृतीचं वादन कधी ‘पुरं झालं’ असं होतच नाही, आणि समोर श्रोते नसताना वाजवलेलं तर कृत्रिम चौकटीत अडकतं, अशी त्यांची धारणा होती. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तीच बंदिश, तोच गवई, पण कालची मैफल आज होत नाही, हे आपल्याकडचा प्रत्येक रसिक जाणतो. पाश्चात्त्य संगीतात स्वर कागदावर लिहिलेले असतात, म्हणून तिथे असं काही नसावं असा आपला समज असतो. फिशरबाईंचं वादन तो समज पुसून टाकतं.

स्टुडिओची अशी नावड असूनही 1977 मध्ये हंगेरीच्या हंगारोटोन कंपनीसाठी त्यांनी बीथोव्हेनचे सगळे, म्हणजे 32 पियानो सोनाटे ध्वनिमुद्रित करायला घेतले. हे काम वर्षानुवर्षं चाललं. बाई पुन्हा पुन्हा वाजवत, पुन्हा ऐकत, दुरुस्त्या करत. तरीही त्यांचं समाधान होईना. हयात असेपर्यंत हा संच त्यांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. 1995 मध्ये त्या गेल्या आणि त्यानंतरच तो रसिकांच्या हाती आला. नाव ज्याच्या जोरावर जगभर गेलं असतं, ते आयुष्यभराचं काम त्यांनी स्वतःच अडवून धरलं होतं.

तुम्ही ऐकलेल्या ‘मूनलाइट’मधलीच एक जागा दाखवतो. हा सोनाटा हार्मोनियमच्या हिशेबाने काळी एकचा, कोमल गंधाराच्या छायेतला. पहिला भाग सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तुम्ही थेट तिसरा भाग लावा. डावा हात तळाला तुटक ठोके देतो आणि उजवा हात सुटे स्वर घेत खालून वर झेपावतो. टोकाला पोचला की दोन्ही हात मिळून दोन स्वरगुच्छ आदळतात. बीथोव्हेनने ती अख्खी चढण हळू आवाजात लिहिली आहे, जोर फक्त टोकावर. चढतानाच जोर केला तर टोकासाठी काही शिल्लक राहत नाही आणि उरतो तो नुसता गलका. फिशरबाईंची प्रत्येक चढण त्या टोकाकडे ओढ घेते. वेग जबरदस्त आहे, पण बोटांची चपळाई दाखवण्याचा सोस कुठेच नाही. स्वर कुठे निघाला आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि म्हणून आपल्यालाही कळतं. एखादी जागा खडबडीत राहिली तरी चालेल, पण दिशा सुटता कामा नये, हा त्यांचा बाणा मला पियानोच्या तासलेल्या, गुळगुळीत वादनापेक्षा कितीतरी थोर वाटतो.

आणखी काय ऐकावं? मोझार्टचा 21 क्रमांकाचा कन्चेर्तो, वोल्फगांग झावालिश यांच्या संचालनाखालचा. त्यातल्या संथ भागात पियानोला अगदी मोजके स्वर आहेत, लपायला जागाच नाही. बाई तिथे भावनेचा लाडिकपणा करत नाहीत, सरळ गातात. मग क्लेम्परर यांच्यासोबतचा शुमानचा कन्चेर्तो. फेरेन्त्स फ्रिचाय यांच्यासोबतचा बीथोव्हेनचा तिसरा कन्चेर्तोही चुकवू नका. इथवर आल्यावर 32 सोनाट्यांच्या संचाकडे वळा आणि शेवटच्या, ओपस 111 पर्यंत सावकाश जा. बाईंच्या काही जाहीर मैफली बीबीसीने मुद्रित केल्या होत्या, त्याही आता मिळतात. तो संच आणि या मैफली आलटूनपालटून ऐका, म्हणजे स्टुडिओतलं आणि श्रोत्यांसमोरचं वादन यांतला फरक तुमचा तुम्हालाच जाणवेल.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं : राजकारणाने त्यांची वाट अडवली हे खरंच, पण प्रसिद्धी ज्या मार्गाने मिळते तो मार्ग त्यांनी संगीतासाठी अपुरा मानला. अशा कलावंताचं नाव जाहिराती पोचवत नाहीत. ते एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगायचं असतं. तुम्ही ऐकलं आहे, तेव्हा आता चार जणांना ऐकवा.