प्रभुभोजनाची पंगत

वडोदऱ्यानजीकचे कोयली हे गाव मूळचे शेतकऱ्यांचे. परंतु सोव्हिएत साहाय्याने तेथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले, आणि गुजराती गावकऱ्यांच्या शेजाराला नाना प्रांतांतली, नाना धर्मांतली कुटुंबे येऊन नांदू लागली. अशाच एका घराच्या व्हरांड्यात मुलाच्या नोकरीमुळे येथे स्थायिक झालेले अहमदनगरकडील एक सेवानिवृत्त ख्रिस्ती शिक्षक, आणि ज्यांच्या घराण्यात गायकवाडांच्या दप्तरातील नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालली असे वडोदऱ्याचे एक मराठी वकील, यांच्यात झालेला हा संवाद आहे. वकीलसाहेब एका मेथडिस्ट स्नेह्याच्या आग्रहावरून महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेस गेले होते, आणि तेथे पाहिलेला प्रभुभोजनाचा विधी त्यांच्या चौकस बुद्धीला स्वस्थ बसू देईना.

वकीलसाहेब : गुरुजी, तुमच्या मंडळीने माझे आगतस्वागत मोठ्या अगत्याने केले, यात वाद नाही. परंतु भाकर आणि द्राक्षरस घेण्यासाठी सगळे उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकू लागले, तेव्हा स्नेह्याने मला जागेवरच बसण्याची खूण केली. देवळात आम्ही प्रसाद वाटतो तेव्हा समोरच्या हाताला तू कोण म्हणून विचारीत नाही. मग येथे हा आडपडदा कशासाठी?

गुरुजी : प्रश्न रास्त आहे, पण आधी एक भेद लक्षात घ्या. प्रसादात भक्त देवाला काही अर्पण करतो आणि त्याचा अंश कृपा म्हणून परत घेतो. प्रभुभोजनात देणारा प्रभू आणि दिले जाणारेही तोच, अशी आमची श्रद्धा आहे. वल्हांडण सणाच्या दिवसांत, अटक होण्याच्या रात्री, येशूने शिष्यांसमवेत शेवटचे भोजन घेतले; भाकर मोडून ती आपले शरीर असल्याचे सांगितले, प्याला देताना आपल्या रक्ताने होणाऱ्या कराराचा उच्चार केला, आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, अशी आज्ञा दिली. आता तुम्ही वकील आहात. करार म्हटला म्हणजे त्यावर सही करणाऱ्याने मजकूर समजून घेतलेला असावा, एवढे तुम्हीच मला सांगाल. त्या कठड्याशी जाणे म्हणजे त्या करारावर पुन्हा एकदा सही करणे होय. पाहुण्याकडून अशी सही अजाणता करून घेणे हे आतिथ्य नव्हे.

वकीलसाहेब : मग प्रवेशाची अट काय? सदाचरण?

गुरुजी : सदाचरण ही अट असती तर पहिलीच पंगत रिकामी राहिली असती. त्या रात्री तेथे जेवायला बसलेल्यांपैकी एकाने प्रभूला शत्रूच्या हवाली केले, दुसऱ्याने पहाटेपूर्वी तीनदा ओळख नाकारली, आणि बाकीचे पळून गेले. अट असलीच तर पश्चात्तापाची आहे. म्हणून भाकर घेण्यापूर्वी सर्वांनी मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणावयाची असते. कॅथॉलिक पंथाची शिस्त याहून कडक आहे. तेथे बाप्तिस्मा हवा, त्या पंथाचे सभासदत्व हवे, आणि गंभीर पाप घडले असल्यास आधी धर्मगुरूपाशी कबुली हवी. बालकांना मात्र पोप दहावे पायस यांनी १९१० साली दार लवकर उघडले. सामान्य भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळू लागला, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, त्यांना प्रथम हा संस्कार मिळावा, असे त्यांनी ठरविले.

वकीलसाहेब : फरक म्हणता, पण तो आहे कशात? गव्हाची भाकर विधीनंतरही गव्हाचीच राहते, नाही का?

गुरुजी : याच प्रश्नावर युरोपात ग्रंथांचे ढीग रचले गेले आणि माणसेही मारली गेली. कॅथॉलिक मत असे की, रूप, रस, गंध हे सर्व भाकरीचेच राहतात, परंतु तिचे सत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर होते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेत ही परिभाषा आली आणि १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने ती पक्की केली. धर्मसुधारक ल्यूथर म्हणे, भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्त तिच्यात खरोखर उपस्थित असतो. त्याचाच समकालीन सुधारक झ्विंग्ली म्हणे, ही स्मरणाची खूण आहे. १५२९ साली मारबुर्ग येथे या दोघांची समेटासाठी गाठ घालण्यात आली, तेव्हा ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे वाक्य खडूने मेजावर लिहून ठेवले आणि त्यातील ‘आहे’ या क्रियापदावरून तो रेसभर हटला नाही. इतर बहुतेक कलमांवर एकमत झाले, या एकावर फिसकटले. काल्व्हिनने पुढे मधली वाट धरली : उपस्थिती खरी, पण ती आत्म्याच्या द्वारे. तुम्ही ज्या मेथडिस्ट उपासनेस गेला होता ती साधारण याच वाटेने जाते.

वकीलसाहेब : हे तत्त्वज्ञान झाले. मी कायद्याचा माणूस. माझे लक्ष प्याल्याकडे होते. या राज्यात दारूबंदी आहे, आणि तुमचा विधी तर द्राक्षासवावाचून होत नाही, असे ऐकतो.

गुरुजी : तुमच्याच कायद्याने ती सोय करून ठेवली आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरात राज्य १९६० साली वेगळे झाल्यावरही येथे चालू राहिला, आणि धर्मविधीतील मद्याला त्यात परवानगीची तरतूद आहे. कॅथॉलिक नियमाप्रमाणे भाकर निव्वळ गव्हाची आणि मद्य द्राक्षाचेच असले पाहिजे, आणि त्यात थोडे पाणी मिसळावयाचे असते. तेव्हा धर्मगुरूंना त्या तरतुदीचा आधार घ्यावा लागतो. मेथडिस्टांनी मात्र ही अडचण मुळातच ठेवली नाही. १८६९ साली अमेरिकेत टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने, मद्यपानाचा निषेध करणाऱ्यांनी प्रभूच्या मेजावर मद्य का ठेवावे या विचाराने, द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली. आमच्या नगरकडच्या घरात तर त्याचीही गरज पडत नसे. शनिवारी रात्री काळ्या मनुका धुऊन भिजत घालावयाच्या, पहाटे त्याच पाण्यात उकळून कुस्करावयाच्या, आणि स्वच्छ धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून घ्यावयाच्या. गाळ राहिला तर प्याल्याच्या तळाशी बसतो, म्हणून आई दुसऱ्या गाळणीवर फार कटाक्ष ठेवी. भाकर म्हणून काही खेड्यांत चपातीचे तुकडेही चालत.

वकीलसाहेब : म्हणजे द्रव्याला महत्त्व नाही?

गुरुजी : कॅथॉलिकांच्या दृष्टीने फार आहे, आमच्या दृष्टीने कमी आहे, पण सर्वांच्याच दृष्टीने ज्याला महत्त्व आहे, आणि वादविवादाच्या गदारोळात ज्याचा हमखास विसर पडतो, ती गोष्ट वेगळी आहे. करिंथ शहरातील मंडळीला प्रेषित पौलाने इसवी सनाच्या पन्नाशीत एक पत्र लिहिले. प्रभुभोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त त्यातच आहे, शुभवर्तमानांच्याही आधीचा. तो लिहिण्याचे निमित्त काय झाले? तेथील सुखवस्तू माणसे लवकर येऊन आपापला शिधा खाऊन मोकळी होत, पिऊन धुंद होत, आणि गरीब माणसे मागून येत ती उपाशी राहत. भाकरीचे सत्त्व पालटते की नाही, याविषयी पौल त्यांना काहीच विचारीत नाही. शेजारच्याला उपाशी ठेवून तुम्ही जे खाता त्याला प्रभुभोजन म्हणता येत नाही, असे तो त्यांना खडसावतो. पुढे सन १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या पंडिताने रोमन बादशहाला रविवारच्या उपासनेची हकिकत लिहून कळविली, तीत जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी त्यांचा वाटा पोहोचविला जातो आणि अनाथ, विधवा, बंदिवान यांच्यासाठी वर्गणी गोळा होते, असे स्पष्ट नमूद आहे.

वकीलसाहेब : म्हणजे मूळ मुद्दा पंगतीचा!

गुरुजी : पंगतीचाच, आणि महाराष्ट्राइतका हा मुद्दा कोणाला कळावा? मघाशी तुम्ही म्हणालात की प्रसाद देताना कोणी जात विचारीत नाही. इतिहासाचा दाखला सगळाच तसा नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक प्रभृती प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली आणि तेथे त्यांच्यापुढे चहा आला. कोणी घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून ठेवून दिला. पण नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. ख्रिस्त्याच्या घरच्या चहाने जेथे एवढा गहजब होतो, तेथे एकाच प्याल्याला ओठ लावणे म्हणजे काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. १८३९ साली अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ते त्याच मंडळीचे पाळक झाले. ज्यांची सावली टाळावयाची त्यांच्या हातून येणारा प्याला ओठांना लावणे, हा त्या पिढीतील उच्चवर्णीय ख्रिस्त्यांच्या श्रद्धेचा खरा कस होता. सत्त्वपालटाचा सिद्धान्त त्यापुढे सोपाच म्हणावयाचा.

वकीलसाहेब : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी वाचली आहेत. त्यांचाही झगडा हाच दिसतो.

गुरुजी : अगदी बरोबर. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की हे भेद देवाने केलेले नव्हेत, आणि त्यांनी आधी अन्नपाण्याचा विटाळ टाकला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पंगत आधी, संस्कार नंतर.

वकीलसाहेब : तुम्ही तुमच्या बाजूचे साक्षीदार उभे केलेत. विरुद्ध पक्षाचेही असतील.

गुरुजी : आहेत, आणि ते मी लपविणार नाही. तमिळ मुलखात जुन्या मंडळ्यांतून उच्चवर्णीय ख्रिस्ती वेगळे बसत आणि इतरांच्या आधी प्याला घेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी हे जातिभेद तात्काळ बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरकडील पुष्कळांनी मंडळीच सोडली, पण मान सोडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंच्या भीतीने एका प्याल्याऐवजी प्रत्येकी लहान पेली देण्याची पद्धत अमेरिकेत निघाली, ती आपल्याकडेही आली. आरोग्याच्या दृष्टीने तिला कोण नावे ठेवील? पण ज्या देशात प्याला वेगळा ठेवणे हेच अस्पृश्यतेचे लक्षण, त्या देशात अशी सोय विटाळ मानणाऱ्यालाही आयती सोयीची पडते, हे विसरून चालणार नाही.

वकीलसाहेब : शिवाय तुमचे पंथही एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. या कोयलीतच कॅथॉलिक, मेथडिस्ट, सिरियन असे सगळे एका कारखान्याचे पगारदार. पाळी एकत्र करतात, एका डब्यातले खातात, आणि रविवारी भाकर मात्र वेगळी!

गुरुजी : त्या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही, शरम आहे. उत्तर भारतातील काही प्रॉटेस्टंट पंथांनी १९७० साली नागपूर येथे एकत्र येऊन एक चर्च स्थापिले, तेव्हा त्यांचे मेज एक झाले. मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. एकत्र येण्याचे प्रयत्न मात्र चालत राहावेत.

वकीलसाहेब : तर मग, गुरुजी, प्रभुभोजनाचा अर्थ थोडक्यात सांगावयाचा झाला, तर मी काय लिहून घेऊ?

गुरुजी : लिहा, की ख्रिस्ताने आपला देह सर्वांसाठी दिला असे जो मानतो, त्याने त्या ‘सर्वां’पैकी प्रत्येकाशेजारी बसून खाल्ले पाहिजे. भाकर फुलक्यासारखी असो की पावासारखी, रस परवान्याचा असो की मनुकांचा, प्याला एक असो की अनेक, यांवर पंथापंथांनी खुशाल आपापले नियम करावेत. परंतु शेजारी कोण येऊन गुडघे टेकतो हे पाहून ज्या मंडळीत माणसे जागा बदलतात, तेथे प्रभुभोजन झालेच नाही, असे समजावे. हा निकाल पौलाने करिंथकरांना दिलेला आहे, आणि त्यावर अपील नाही.