स्टेरॉईडची गोळी आणि पोटातला जुना जंत



अनवाणी पायाने उसाला दारं धरणारे आपल्यात कमी नाहीत. उघड्यावरच्या शौचामुळे दूषित झालेल्या ओल्या मातीतून स्ट्राँगिलॉइडिस या जंताच्या बारीक अळ्या कातडीतून अंगात शिरतात. बहुतेक जंतांची पुढची पिढी बाहेर पडते. हा मात्र आतड्यातच वाढत राहतो, म्हणून ३०-४० वर्षेही मुक्काम ठोकतो. प्रतिकारशक्ती धड असेतो त्याचा फारसा पत्ताही लागत नाही.

घात होतो तो पुढेच. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉईड सुरू झाले की शरीराची राखण ढिली पडते. अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसात पोचतात, आतड्यातले जंतू रक्तात नेतात. मग माणूस दगावूही शकतो.

तेव्हा स्टेरॉईड देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा, की आम्ही वर्षानुवर्षे अनवाणी रानात राबलोय. शौचाच्या एकाच तपासणीत हा जंत निसटतो. रक्ताचीही तपासणी असते. यावर अल्बेंडाझोलपेक्षा आयव्हरमेक्टिन गुणकारी, पण डॉक्टरांनी दिले तरच घ्यायचे. चालू स्टेरॉईड मात्र आपल्या मनाने एकदम थांबवू नका, तेही जिवावर बेतते. आणि गुडघेदुखीवर कुणी दिलेली बिननावाची पुडी घरात असेल, तर तीही डॉक्टरांना दाखवा. तिच्यात स्टेरॉईड असू शकते.