डोंगरवाट आणि सायकल

सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेटचा पूल ओलांडून उत्तरेकडे गेले की मरीन परगणा लागतो. तेथील टॅमलपायस हा डोंगर उंचीने फार मोठा नाही. त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ७८४ मीटर आहे. परंतु एका बाजूस पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूस उपसागर, दऱ्यांतून रेडवुडचे उत्तुंग वृक्ष आणि माथ्याकडे गवताळ उतार अशी विविधता येथे थोड्याच अंतरात आढळते. १८९६ ते १९३० या काळात शिखराकडे जाणारी एक नागमोडी रेल्वे होती. पुढे रूळ उखडले गेले, पण लोहमार्गाची सौम्य चढाची वाट शिल्लक राहिली. वणवे विझविण्याच्या सोयीसाठी केलेले कच्चे रस्ते आणि कितीतरी पाऊलवाटा मिळून या परिसरात वाटांचे एक जाळेच तयार झाले आहे. आजच्या डोंगरी सायकलीची घडण मुख्यतः याच जाळ्यात झाली.

१९७० नंतरच्या काही वर्षांत येथील तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाडजूड, फुगीर टायरांच्या सायकली मिळवून त्यांवरून डोंगर उतरण्यास प्रारंभ केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांची पहिली शर्यत झाली. दोन मैलांहून किंचित अधिक लांबीचा हा रस्ता सुमारे १,३०० फूट खाली उतरतो. या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे दाबल्याने मागच्या चाकाच्या तुंब्यात लागत असे. सायकलीसह १०० किलो वजन एवढे खाली येताना जी ऊर्जा मुक्त होते, ती एक लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी असते. त्या ऊर्जेचा मोठा भाग तुंब्यातच उष्णतारूपाने प्रकट होई आणि आतील वंगण धूर होऊन उडून जाई. प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले.

या गैरसोयीतूनच सुधारणा होत गेल्या. १९७७ साली जो ब्रीझ यांनी केवळ डोंगरासाठी नवी चौकट घडविली. तिच्या नळ्या क्रोमियम व मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या होत्या. ब्रेक तुंब्याऐवजी चाकाच्या कडीवर आले. गिअरांमुळे उतरलेला डोंगर सायकलीवरूनच पुन्हा चढणे शक्य झाले. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या चौकटी घेऊन अशा सायकलींचा व्यवसाय मांडला. १९८१ पासून कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेल्या सायकली दुकानांत येऊ लागल्या, तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

परंतु वाट ही सर्वांची असते. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांना वळणावर अकस्मात समोर येणाऱ्या सायकलींची भीती वाटू लागली. टॅमलपायसच्या उतारांवर परगण्याच्या पाणीपुरवठ्याचे पाणलोट क्षेत्र आहे. तेथे मातीची धूप झाली तर गाळ अखेर तलावांत येणार, हीही चिंता होती. तेथे सायकलींना वेगाची मर्यादा घालण्यात आली आणि अरुंद पाऊलवाटांवर मज्जाव झाला. राष्ट्रीय वनांतील संरक्षित अरण्यांतही १९८४ च्या नियमाने सायकलींना बंदी झाली. १९८८ साली सायकलस्वारांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली, तिच्यामागे वाटा बंद होण्याची हीच धास्ती होती.

सायकलीमुळे वाटेची खरोखर किती हानी होते? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या माँटानातील एका अभ्यासात ओल्या वाटांवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी सायकलीच्या चाकांपेक्षा अधिक माती सुटी झाल्याचे आढळले. मात्र यावरून सायकल निरुपद्रवी ठरत नाही. चाक घसरत नेऊन ब्रेक लावला की सलग चर पडतो, आणि पाण्याला असा चर आयताच सापडतो.

वाटेचा खरा शत्रू वाहते पाणी हाच होय. पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराची दिशा धरते. वाट डोंगरावरून सरळ खाली नेली तर तीच ओढा बनते. म्हणून जाणकार ती उताराला आडवी काढतात आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक ठेवत नाहीत. उतार शंभरास वीस असेल तर वाटेचा चढ शंभरास दहापेक्षा कमी असावा. तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित कललेला ठेवतात, म्हणजे पाणी आडवे ओलांडून निघून जाते. शिवाय ठराविक अंतरावर चढ मोडून लहानसा खोलगटपणा देतात; त्यामुळे पाण्याला वेग घेण्यापूर्वीच बाहेर पडावे लागते.

अशी वळणदार वाट वेगालाही आपोआप आळा घालते, आणि समोरून येणारा पादचारी वेळीच दिसावा अशी ती आखता येते. बाकीचा भाग स्वाराच्या हाती राहतो: पावसाने भिजलेली वाट सुकेपर्यंत टाळणे, चाक न घसरविता ब्रेक लावणे आणि पायी जाणाऱ्याला प्रथम वाट देणे. एका पावसाळ्यात पडलेला चर बुजविण्यास अनेकांचे श्रम लागतात. तो पडू न देणे प्रत्येकाला शक्य असते.