पिवळी पट्टी

अगं, काल रात्री तू पाठवलेला फोटो बघितला. सकाळच्या लघवीत बुडवलेली पट्टी पिवळी पडलेली आणि खाली तुझे शब्द, "ताई, माझं शरीर ॲसिडिक झालंय." मग हळूहळू बाकीचंही कळलं. लिंबू सोडलंस, दही सोडलंस, टोमॅटो तर केव्हाच बंद केलास, आणि आता पाणी अल्कलाइन करणारं यंत्र हप्त्यावर घ्यायचं चाललंय. फोनवर बोलताना मी घाई केली असती, म्हणून निवांत लिहायला बसलेय.

आधी पट्टीचं सांगते. शाळेत सामू शिकलो होतो, आठवतं? सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लारी. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तू लिंबू खा नाहीतर काकडी खा, तो हलत नाही, कारण फुप्फुसं श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतात आणि मूत्रपिंडं जास्तीचं आम्ल लघवीतून काढत असतात. म्हणूनच लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठेही फिरतो. सकाळची पट्टी पिवळी पडली याचा अर्थ रात्रभर तुझ्या मूत्रपिंडांनी आपलं काम चोख केलं. रक्त खरोखर आम्लाकडे झुकतं ते मधुमेह फार बिघडला किंवा मूत्रपिंडं निकामी झाली अशा मोठ्या दुखण्यात, आणि तेव्हा माणूस दवाखान्यात असतो, घरी पट्ट्या बुडवत नसतो.

त्या पाण्याचंही तसंच. ते घशाखाली उतरून जिथे पडतं त्या जठराचा सामू उपाशीपोटी दीड ते साडेतीन असतो. एवढ्या तीव्र आम्लात त्या पाण्याचं अल्कलाइनपण क्षणात विरून जातं. आणि ते आम्ल आपल्याला हवंय गं. अन्नातले जंतू तेच मारतं, प्रथिनं फोडायचं कामही त्याच्याशिवाय सुरू होत नाही. जठराला आतून चिकट अस्तर असतं, म्हणून त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. दोघांच्या मध्ये एक झडप आहे. ती सैल पडली की आम्ल वर चढतं आणि तुला छातीत जळजळतं, घशाशी येतं, करपट ढेकर येतात. आम्ल जास्त झालंय असं नाही, बहुतेक वेळा ते नको तिथे गेलेलं असतं.

आता दिवाळीनंतर मी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा जे पाहिलं ते सांगू का? रागावू नकोस. पावणेअकराला तू जेवायला बसलीस. मागवलेली पनीरची भाजी, वर तेलाचा तवंग, दोन बटर नान. ताट बाजूला सरकवलंस आणि तशीच आडवी झालीस, उजव्या कुशीवर, हातात फोन. तेल-तूप जास्त असलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि ती झडपही सैलावते. त्यात आडवं झालं की आम्लाला चढ चढावा लागत नाही. डाव्या कुशीवर झोपलीस तर जठरातलं पाणी झडपेच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर ते थेट तिच्यावरच येतं. तू पहाटे तीनला उठून घटाघटा पाणी प्यायलीस, तेव्हा मी जागी होते.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेव. कामामुळे नाहीच जमलं तर संध्याकाळी सातला ऑफिसातच पोळी-भाजी खाऊन घे आणि घरी येऊन नुसता मऊ भात-वरण. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव, सहा-आठ इंच. नुसत्या उशा वाढवल्या तर मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं.

तुझा गुरुवार मोडायला मी सांगणार नाही. पण दिवसभर उपाशीपोटी चार कप चहा आणि मग एकदम साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तूप, हिरव्या मिरच्या... जळजळ शुक्रवारीच जास्त असते, हे तूच सांगितलंस. त्यापेक्षा वरीचा भात कर, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घे, मधूनमधून थोडं थोडं खा.

आणखी एक. आपल्याकडे पित्त या एका शब्दात किती दुखणी कोंबलेली असतात बघ. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं ठणकून उलटी झाली की पित्तच. गांधी ही अनेकदा ॲलर्जी असते. अर्धं डोकं ठणकतं ती बहुतेकदा अर्धशिशी असते. आणि खरं पित्त तर यकृतात तयार होतं, ते आम्लही नाही. म्हणून घशात बोटं घालून पित्त पाडायची आजीची सवय तू उचलू नकोस. उलटीसोबत वर येणाऱ्या जठरातल्या आम्लाने दात झिजतात आणि अन्ननलिका सोलवटते.

आता जरा आपल्या दोघींतलं. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत तू उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेतेस, कधी दिवसातून तीन. त्या गोळ्या जठराचं अस्तर दुबळं करतात. तुझी जळजळ त्याच आठवड्यात वाढते का, हे मला कळायला हवंय. आणि सकाळची ती पित्ताची गोळी. मीही चार वर्षं घेतली, दुकानदार देत गेला, मी घेत गेले. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. गोळी वाईट नाही, पण ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचं. तूही मनाने एकदम बंद करू नकोस, आम्ल उसळी मारून येतं.

आणि जखमेचा, म्हणजे अल्सरचा, दोष सगळे तिखटाला आणि काळजीला देतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरात राहून अल्सर करतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी दाखवून दिलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तो जंतू तपासता येतो, औषधांनी जातोही. लिंबू सोडून जात नाही.

गिळताना अडकायला लागलं, शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, तर मला विचारत बसू नकोस, तडक डॉक्टर गाठ. आणि मोठ्या काकूंचं विसरू नकोस. त्याही पित्तच म्हणत होत्या, सोडा घालून पाणी प्यायल्या, जबड्यात कळ आणि अंगाला घाम होता तरी. तो हृदयविकाराचा झटका होता, दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. असं काही झालं तर १०८ ला फोन कर, मला नंतर.

यंत्राचा हप्ता अजून सुरू केला नसशील तर थांब. आजपासून दोन आठवडे एका वहीत लिही: रात्री किती वाजता जेवलीस, काय जेवलीस, कुठली गोळी घेतलीस, कधी जळजळलं. त्यानंतरच्या शनिवारी सकाळच्या एसटीने मी येते. वही घेऊन दोघी डॉक्टरांकडे जाऊ. येताना दही विरजून आणते, तू खा.