अंतर जेमतेम तीन किलोमीटर

२५ सप्टेंबर २०१९, बुधवार. पितृपक्ष चालू होता. धनकवडीला दादाकडे बाबांचा पक्ष होता, म्हणून आई सकाळपासून तिकडेच होती. ऑफिस सुटल्यावर मी तिला न्यायला गेले. वहिनीने पुन्हा ताट वाढलं, गप्पा झाल्या, आणि नऊनंतर पाऊस असा कोसळायला लागला की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. दादा म्हणाला, "आज दोघी इथेच राहा. सकाळी जा." आई म्हणाली, "अरे, माझी बीपीची रात्रीची गोळी घरी राहिलीय."

एवढ्या कारणावरून आम्ही निघालो. अरण्येश्वरजवळचं आमचं घर तिथून जेमतेम तीन किलोमीटर. वीस वर्षांचा पायाखालचा रस्ता. दहा मिनिटांत पोहोचू, असं मी दादाला सांगितलं आणि ते मला खरंच वाटत होतं.

सातारा रस्त्याला लागले तेव्हा कात्रजच्या बाजूने गढूळ पाणी दुभाजकाला घासत खाली येत होतं. वायपर सगळ्यात जोरात चालू होता, पण माझ्या बाजूचा वायपर काचेवर हातभर रुंद पट्टा तसाच सोडत होता. उन्हाळ्यात त्याचं रबर कडक झालं होतं. बदलायचं, बदलायचं म्हणत तीन महिने गेले होते. त्या पट्ट्यातून समोरून येणारा प्रत्येक दिवा फुटून दिसायचा.

घराच्या अलीकडे रस्ता आंबिल ओढ्याकडे उतरतो. तिथे दुचाकीवाले कडेला थांबले होते. माझ्यापुढची एक मोठी गाडी मात्र पाणी उडवत पलीकडे गेली. ती गेली म्हणजे मीही जाईन, असं म्हणून मी तिच्या मागे घातली. मधोमध पोहोचले आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हलकं म्हणजे खेळण्यातल्या गाडीसारखं. फिरवलं तरी गाडीला काही कळत नव्हतं. मागची बाजू आपोआप डावीकडे सरकली. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. दाराखालून पावलांवर थंड पाणी आलं, त्याला माती आणि डिझेलचा वास होता. आई शांतपणे म्हणाली, "अगं, गाडी हलतेय."

मी दोनदा चावी फिरवली. दार ढकललं, ते तसूभरही उघडेना. तेवढ्यात कुणीतरी काचेवर थापा मारल्या. "ताई, काच खाली घ्या, लगेच!" काच अर्ध्यावर येऊन थांबली. त्या मुलाने आणि आणखी दोघांनी आईला खांद्याखाली धरून त्या अर्ध्या काचेतून बाहेर ओढलं. तिच्यामागून मी. हाताला हात धरून केलेल्या साखळीतून आम्हाला त्यांनी एका इमारतीच्या जिन्यावर आणलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून मी माझी गाडी दिवे चालू असतानाच फिरताना आणि अंधारात जाताना पाहिली. सकाळी ती खालच्या बाजूला दुसऱ्या एका गाडीवर चढलेली सापडली.

आम्ही वाचलो. त्या रात्री सगळेच वाचले नाहीत. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला दर्ग्यात झोपलेले लोक पाण्याने ओढून नेले. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त जीव गेले. त्यांची आठवण ठेवून, आणि त्या तीन मुलांचे उपकार मनात ठेवून मी हे लिहिते आहे.

त्याच वर्षी जानेवारीत आम्ही मनालीला गेलो होतो. सोलंगकडे निघायच्या आधी आमच्या ड्रायव्हरने टायर हाताने चाचपले, डिकीतल्या चाकांना बांधायच्या साखळ्या मोजल्या, वर आभाळाकडे पाहिलं आणि आज जायचं नाही, असं सांगून टाकलं. आमचा दिवस बुडला म्हणून मी हिरमुसले होते. बर्फात राहणारी माणसं आपल्या बर्फाला ओळखतात आणि त्याचा मान ठेवतात. आम्ही पुणेकर लडाखला निघालो की महिनाभर याद्या करतो, पण आपल्याच पावसाचा, आपल्याच ओढ्याचा मान ठेवायला विसरतो.

आंबिल ओढा तर पुण्याच्या इतिहासातला. कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा येऊन मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवून त्याला सध्याच्या वाटेला लावलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. वर्षातले अकरा महिने तो गटारासारखा दिसतो, म्हणून त्याची भीती जाते. पण त्याच्या डोक्यावर डोंगर आहे. डोंगरावर तासाभरात पडलेलं पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही, आणि काठावर काँक्रीट झालं की ते मुरायलाही जागा राहत नाही. पूर म्हटलं की आमच्या घरात १२ जुलै १९६१ ची, पानशेतची गोष्ट निघायची. पूर नदीला येतो, धरण फुटलं की येतो, असंच डोक्यात बसलं होतं. ओढा मनात आलाच नाही.

गाडी एवढ्याशा पाण्यात कशी तरंगली, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं. मग मी हिशोब मांडला. माझी गाडी साधारण साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद, वजन नऊशे किलो. गाडीच्या तळाला पाणी लागलं की पुढच्या दर १० सेंटिमीटरला ते सव्वापाचशे किलो वजन उचलून धरतं. म्हणजे तळाच्या वर १७-१८ सेंटिमीटर पाणी चढलं की अख्खी गाडी तरंगायला तयार. तळ जमिनीपासून तेवढाच उंच. पाणी गुडघ्याला लागायच्या आतच टायरची पकड सुटलेली असते. पाणी आत शिरल्यावर गाडी पुन्हा खाली बसते, पण वाहत्या पाण्याला मधला तेवढा वेळ पुरतो. पुढची मोठी गाडी उंच आणि जड होती, म्हणून ती गेली. तिचं जाणं माझ्यासाठी पुरावा नव्हता.

त्यानंतर मी जे शिकले, जे आता दर वर्षी करते, ते सांगते.

मृगाच्या आधी

मे संपता संपता चार गोष्टी बघायच्या. वायपरचं रबर दर वर्षी बदला. ते झिजण्याआधी उन्हाने कडक होतं. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसात तेवढ्यावर राहू नका. ३ मिलिमीटरच्या खाली आली की मी टायर बदलते. खाचांचं कामच टायरखालचं पाणी बाहेर फेकण्याचं आहे. ब्रेक, दिवे आणि बॅटरी गॅरेजमध्ये दाखवून घ्या. विम्याचे कागद उघडून बघा: पाणी शिरून इंजिन बिघडलं तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

काच फोडायचा छोटा हातोडा आणि सीटबेल्ट कापायचं पातं ड्रायव्हरच्या दाराच्या खणात ठेवा. डिकीत ठेवलेला हातोडा वेळेला हाताशी येत नाही. टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि एक जुनी चादरही गाडीत असू द्या.

निघण्याआधी

हवामान खात्याचा इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे अगदी नाइलाज असेल तरच घराबाहेर. परतीच्या पावसात सकाळच्या उन्हावर विसंबू नका. तो दुपारनंतर ढग जमवतो आणि संध्याकाळी, रात्री एकदम कोसळतो. वाटेत ओढा, नाला, नदीपात्रातला रस्ता किंवा भुयारी मार्ग कुठे लागतो, ते मनात एकदा आठवा. भिडे पूल पाण्याखाली जातो हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. तुमच्या घराजवळचा तसाच भिडे पूल कोणता, ते तुम्हीच शोधून ठेवा.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: हे काम सकाळी केलं तर काय बिघडेल?

रस्त्यावर

पावसात वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. हेडलाइट खाली, म्हणजे लो बीमवर. वरचा प्रकाश पावसाच्या धारांवरून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. काचेला आतून वाफ धरली तर एसी लावून वारा पुढच्या काचेवर सोडा.

साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तेव्हा जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. वेग उतरला की पकड परत येते. दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेलाही उभं राहू नका. पेट्रोल पंप, हॉटेल, सोसायटीचं आवार, असं उंचावरचं ठिकाण बघून आत जा. झाड, होर्डिंग आणि जुनी भिंत यांच्यापासून लांब.

पाणी समोर आलं तर

पाणी वाहत असेल तर परत फिरा. दुसरं उत्तर नाही. रात्री, गढूळ पाण्यात, खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय, हे कुणालाच दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल असाच गेला आणि दोन एसट्यांसह सगळे प्रवासी नदीने नेले. पाणी साचलेलं आणि स्थिर असेल, खोली नक्की माहीत असेल, तरच पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, मध्ये न थांबता जा. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवून घ्या. इंजिन पाण्यात बंद पडलं तर चावी फिरवू नका; आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि इंजिनाचे दांडे वाकतात. मी दोनदा फिरवली होती.

गाडी अडकली तर

सामान, फोन, कागद, काही शोधत बसू नका. सीटबेल्ट सोडा, काच खाली घ्या, मुलं आणि वयस्कर माणसं आधी बाहेर. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही, म्हणून त्याच्याशी झटापट नको. विजेवर चालणारी काच बहुधा थोडा वेळ चालते. तोच वेळ आपला. नाहीच उतरली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हातोडा मारा, पुढची काच अशी फुटत नाही. बाहेर पडल्यावर विजेच्या खांबांपासून, लोंबणाऱ्या तारांपासून दूर राहा. २५ जुलै २०२४ ला डेक्कनच्या पुलाच्या वाडीत पाण्यात शिरलेल्या तीन तरुणांचा जीव विजेच्या धक्क्याने गेला. मदतीसाठी ११२, अग्निशामक दलाला १०१.

आई त्या रात्री जिन्यावर दोन तास भिजून बसली होती. एका घरातल्या आजींनी साडी दिली, चहा दिला. गोळी तिला सकाळीच मिळाली. नंतर डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की तिची ती गोळी एक दिवस चुकली असती तरी चाललं असतं, फोन करून विचारायचं होतं.

आता दादाच्या कपाटात, देवघराच्या खालच्या खणात, आईच्या गोळ्यांची एक पट्टी कायम असते. तिचा एक गाऊन आणि माझे बदलायचे कपडेही. दर तीन महिन्यांनी वहिनी तारीख बघून पट्टी बदलते. पावसाची सर वाढली की दादाला काही म्हणावं लागत नाही. मी चावी टेबलावर ठेवते आणि वहिनी अंथरूण घालायला उठते.